होनोलुलूचे कावाइआहाओ चर्च पाहण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

मुलुंडवासी यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. येत्या हिवाळ्यात आम्ही मुंबईहून माझ्या नणंदेकडे होनोलुलूला जाणार आहोत आणि सोबत माझ्या सासूबाई असतील. त्यांचे वय ७८ आहे, प्रकृती ठीक आहे, परंतु जिने चढणे आणि उन्हात फार वेळ उभे राहणे त्यांना जमत नाही. त्यांनी भायखळ्याच्या बाजूला एका मिशनच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवले. आमचे घर हिंदू असले तरी त्या शाळेतील सकाळची प्रार्थना, नाताळचा कार्यक्रम आणि रेव्हरंड टिळकांची भजने यांविषयी त्यांच्या मनात फार आपुलकी आहे. ज्या अमेरिकन मिशनने मुंबईत शाळा काढल्या त्याच मंडळींनी हवाईमध्ये समुद्रातील प्रवाळ कापून एक मोठे चर्च बांधले आहे, असे त्यांनी शाळेत असताना कोणाकडून तरी ऐकले होते. वायकीकीच्या किनाऱ्यापेक्षा त्यांना ते चर्च पाहण्याची ओढ अधिक आहे.

हे त्यांनी ऐकलेले खरे आहे का, हे मला प्रथम जाणून घ्यायचे आहे. खरे असल्यास, ख्रिस्ती नसलेल्या माणसांनी तेथे रविवारच्या उपासनेला जाणे योग्य ठरेल का, जाताना काही अर्पण न्यावे का, आणि वयस्कर व्यक्तीला तेथे किती चालावे लागेल, हेही कृपया सांगावे. नणंदेच्या शेजाऱ्यांनी मोलोकाई बेटावरील फादर डेमियन यांचे चर्च आणि कोना येथील दगडी चर्च यांचीही नावे सुचवली आहेत. या सर्वांसाठी विमानाने दुसऱ्या बेटांवर जाणे सासूबाईंच्या दृष्टीने योग्य आहे का, की होनोलुलूतच थांबून एकच ठिकाण नीट पाहावे?

---

भायखळा_पूर्व यांचे उत्तर:

ताई, आपल्या सासूबाईंनी ऐकलेले अगदी खरे आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांनी ते लक्षात ठेवले याचा माझ्यासारख्या मराठी ख्रिस्ती माणसाला मनापासून आनंद झाला. आमच्या घरच्या चार पिढ्या याच मिशनच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, वाढल्या असल्यामुळे मी जरा विस्ताराने लिहितो.

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागातील मंडळ्यांनी परदेशी मिशनकार्यासाठी १८१० मध्ये जे मंडळ स्थापन केले, त्याला आपल्याकडे पूर्वीपासून ‘अमेरिकन बोर्ड’ म्हणतात. या बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते आणि त्यांना परत पाठवण्याची तयारीही झाली होती, परंतु गव्हर्नर सर इव्हान नेपिअन यांच्याकडे वारंवार विनंती करून ते येथे टिकले. त्यांनी मराठी शिकून घेतले, शाळा काढल्या, छापखाना घातला, आणि १८१७ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. बोर्डाचे परदेशातील हे पहिले ठाणे होय. त्यानंतर काही वर्षांनी, ऑक्टोबर १८१९ मध्ये, त्याच बोर्डाची दुसरी एक तुकडी ‘थॅडियस’ नावाच्या जहाजाने बॉस्टनहून निघाली आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून एप्रिल १८२० मध्ये हवाईला पोहोचली. तेव्हा गॉर्डन हॉल मुंबईतच होते. पुढे १८२६ मध्ये नाशिककडील प्रवासात पटकीने त्यांचे निधन झाले. मुंबई आणि होनोलुलू या दोन बंदरांतील मंडळी एकाच कार्यालयाला पत्रे लिहीत होती, आणि त्यांची कामाची पद्धतही एकच होती: आधी लोकांची भाषा शिकायची, मग छापखाना, मग शाळा. होनोलुलूच्या छापखान्यात पहिला मजकूर जानेवारी १८२२ मध्ये छापला गेला आणि संपूर्ण बायबल हवाईयन भाषेत १८३९ मध्ये पूर्ण झाले.

कावाइआहाओ चर्चचा आराखडा हिराम बिंगहॅम यांनी केला, हे थॅडियस जहाजावरील तुकडीच्या प्रमुखांपैकी एक होते. त्या जागेवर आधी गवताने शाकारलेली प्रार्थनामंदिरे एकामागून एक उभी राहिली होती. १८३६ ते १८४२ या काळात आजची इमारत बांधली गेली. तिच्यासाठी सुमारे १४,००० प्रवाळशिळा समुद्रातील खडकातून कापून आणाव्या लागल्या. हे काम हवाईयन लोकांनी स्वतः केले. ते १० ते २० फूट खोल पाण्यात बुडी मारून हत्यारांनी शिळा सुट्या करीत, आणि एकेका शिळेचे वजन हजार पौंडांहून अधिक, म्हणजे साडेचारशे किलोंहून जास्त असे. इमारतीचे लाकूड डोंगरातील जंगलातून आणले. बिंगहॅम पत्नीच्या आजारपणामुळे १८४० मध्येच अमेरिकेला परतले आणि पूर्ण झालेली वास्तू त्यांनी पाहिली नाही. तिचे समर्पण २१ जुलै १८४२ रोजी झाले. आपल्याकडे अहमदनगरहून याच मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक ज्या वर्षी सुरू झाले तेही १८४२ होय. सासूबाईंना हे आवर्जून सांगा, कारण ज्या टिळकांची भजने त्यांना आवडतात ते नारायण वामन टिळक पुढे ज्ञानोदयाचे संपादन करीत होते.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. चर्च होनोलुलूच्या मध्यभागी, पंचबोल स्ट्रीट आणि किंग स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर आहे. कामेहामेहा राजाचा पुतळा आणि इओलानी राजवाडा तेथून हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे चालणे फार नाही. मुख्य सभागृह तळमजल्यावरच आहे. वरच्या सज्जात हवाईच्या राजघराण्यातील व्यक्तींची तैलचित्रे लावलेली आहेत, मात्र तेथे जिना चढून जावे लागते. सासूबाईंनी खाली बाकावर बसावे आणि आपण वर जाऊन यावे. अगदी मागच्या बाजूला मखमलीची गादी घातलेली काही आसने दिसतील आणि त्यांच्याजवळ काहिली, म्हणजे पिसांचे राजचिन्ह, उभे केलेले असेल. ती आसने राजवंशीयांसाठी राखीव आहेत, त्यांवर कोणीही बसू नये.

उपासनेला अवश्य जा. अन्यधर्मीयांना कसलीही मनाई नाही, उलट पाहुण्यांचे स्वागतच होते. ही प्रॉटेस्टंट पंथातील काँग्रिगेशनल परंपरेची मंडळी आहे, त्यामुळे माउंट मेरीला जशा आपण मेणबत्त्या आणि हार नेतो तसे येथे काही न्यायचे नसते. मूर्ती नाहीत, वेदीसमोर काही वाहण्याची पद्धत नाही. दानाची थैली फिरते तिच्यात इच्छेप्रमाणे पैसे टाकावेत, न टाकल्यासही कोणी काही म्हणत नाही. प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीचा, रविवार असेल तर आपण शांतपणे बसून राहावे, एवढे पुरेसे आहे. कपडे अंगभर आणि साधे असावेत, साडी उत्तमच. उपासना चालू असताना छायाचित्रे काढू नयेत. उपासनेची वेळ निघण्यापूर्वी चर्चच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी, आणि त्या दिवशी विवाहसमारंभ नाही ना, हेही विचारून ठेवावे, कारण तेथे विवाह बरेच होतात.

आवारात प्रवेश करतानाच लुनालिलो राजाची समाधी लागते. तो १८७३ मध्ये निवडून राजा झाला आणि पुढच्याच वर्षी वारला. राजघराण्याच्या स्वतंत्र दफनस्थळाऐवजी आपल्या लोकांजवळ चर्चच्या आवारात आपल्याला पुरावे, अशी त्याची इच्छा होती. चर्चच्या मागे मिशनरी कुटुंबांची कबरस्थाने आहेत. तेथे लहान मुलांच्या थडग्यांची संख्या पाहून मन विषण्ण होते. शेजारीच मिशनची जुनी घरे संग्रहालय म्हणून जपली आहेत. त्यांतले लाकडी घर १८२१ चे आहे आणि त्याचे कापून तयार केलेले लाकूड बॉस्टनहून जहाजाने आणले होते. छापखान्याची खोलीही तेथे आहे. ज्या शिक्षिकेने आयुष्यभर मिशनच्या शाळेत भाषा शिकवली, तिला मी चर्चइतकीच ही खोली दाखवीन.

---

जुन्या_इमारती यांचे उत्तर:

मी मुंबईत वास्तुसंवर्धनाच्या क्षेत्रात काम करतो आणि मला हे चर्च पाहण्याची संधी मिळाली होती. वरील उत्तरात बहुतेक सर्व आले आहे, म्हणून मी केवळ भिंतींविषयी लिहितो.

आत जाण्यापूर्वी बाहेरच्या भिंतीजवळ थोडा वेळ थांबा. दुरून ती साध्या पिवळसर दगडाची वाटते, परंतु जवळ गेल्यावर प्रत्येक शिळेत प्रवाळाच्या वाढीची नक्षी दिसते: कोठे चाळणीसारखी छिद्रे, कोठे मेंदूसारख्या वळ्या, मधूनच शिंपल्याचा तुकडा. प्रवाळ म्हणजे सूक्ष्म सागरी जीवांनी साठवलेला चुनखडक. तो पाण्यातून काढल्यावर आपल्या काळ्या बेसॉल्टच्या मानाने सहज घडवता येतो, पण त्यात सूक्ष्म पोकळ्या असल्यामुळे पावसाचे पाणी शोषले जाते आणि आतील क्षार पृष्ठभागावर येतात. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर ओलावा आत कोंडतो आणि दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. ओलावा बाहेर पडू देणारा चुन्याचा गिलावाच तेथे योग्य. मुंबईतील जुन्या चुनेगच्ची इमारतींच्या दुरुस्तीतही हाच प्रश्न रोज समोर येतो, त्यामुळे मला त्या भिंती पाहताना परक्या ठिकाणी आल्यासारखे वाटले नाही.

कोनाचे चर्च म्हणजे हवाई नावाच्या मोठ्या बेटावर, कायलुआ-कोना गावातील मोकुआइकाउआ चर्च. थॅडियसवरील मंडळी प्रथम उतरली ती याच किनाऱ्यावर, म्हणून या मंडळीची स्थापना १८२० ची धरतात. आजची वास्तू १८३७ ची आहे. तेथे प्रवाळाच्या शिळा नाहीत. भिंती लाव्हाच्या काळ्या दगडांच्या आहेत आणि ते दगड प्रवाळ भाजून केलेल्या चुन्याने जोडलेले आहेत. कोकणात शिंपले भाजून चुना करीत, तीच ही रीत. वरचे वासे ओहिआ या स्थानिक झाडाचे असून त्यांचे सांधे लाकडाचेच आहेत. ऑक्टोबर २००६ च्या भूकंपाचा तडाखा या चर्चला बसला होता आणि अलीकडे त्याची मोठी दुरुस्ती झाली. वास्तुकलेच्या दृष्टीने ते मला कावाइआहाओपेक्षा किंचित अधिक आवडले, तरीही विमानाचा दुसरा प्रवास, विमानतळावरील ताटकळणे आणि कोनाचे ऊन यांचा विचार करता सासूबाईंना मी तेथे नेणार नाही. आपण व नणंदेने मिळून कधी जावे.

एक सूचना मात्र कृपया गांभीर्याने घ्यावी. किनाऱ्यावर प्रवाळाचे पांढरे तुकडे विखुरलेले दिसतात, ते आठवण म्हणून उचलून आणू नका. हवाईमध्ये प्रवाळ तोडणे व नेणे यांवर कायद्याने बंधने आहेत, आणि भारतातही प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे मुंबईच्या विमानतळावर अडचण येऊ शकते. १८४० च्या सुमारास जे कापले गेले ते आज कोणालाही कापता येणार नाही, आणि तसेच असायला हवे.

---

इतिहास_दादर यांचे उत्तर:

भायखळा_पूर्व यांनी दिलेली माहिती अचूक आहे, परंतु ती १८४२ पाशी थांबते याची मला खंत वाटते. हवाईयन लोकांशी बोलताना या चर्चचा पुढचा इतिहास माहीत नसेल, तर आपण पाहुणे म्हणून अपुरे ठरू.

फेब्रुवारी १८४३ मध्ये लॉर्ड जॉर्ज पॉलेट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने हवाईचे राज्य बळकावले. सुमारे पाच महिन्यांनी, ३१ जुलै रोजी, अॅडमिरल थॉमस यांनी ते तिसऱ्या कामेहामेहा राजाला परत दिले. त्या दिवशी राजाने उच्चारलेले वचन आज हवाई राज्याचे बोधवाक्य आहे. भूमीचे जीवन न्यायनीतीमुळे टिकून राहते, असा त्याचा आशय आहे. राज्य परत मिळाल्याबद्दलची आभारप्रार्थना याच चर्चमध्ये झाली. पुढे राजांचे शपथविधी आणि विवाह येथे झाले. चौथा कामेहामेहा आणि राणी एम्मा यांचा विवाह १८५६ मध्ये येथेच झाला. म्हणजे ही वास्तू एका स्वतंत्र राज्याचे राजमंदिरच होती.

मग १८९३ आले. १७ जानेवारीस राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले. अमेरिकन युद्धनौकेवरील सैनिक त्या वेळी होनोलुलूच्या रस्त्यांवर उतरलेले होते. या कटाच्या पुढाऱ्यांपैकी लॉरिन थर्स्टन हे थॅडियस जहाजावरून आलेल्या एसा थर्स्टन या मिशनऱ्याचे नातू होते, आणि नंतर स्थापन झालेल्या सरकारचे प्रमुख सॅनफर्ड डोल हेही एका मिशनऱ्याचेच पुत्र होते. १८९५ मध्ये राणीला इओलानी राजवाड्याच्या वरच्या मजल्यावरील एका खोलीत कैदेत ठेवले. तेथे बसून तिने व तिच्या सोबतिणीने शिवलेली गोधडी आजही राजवाड्यात पाहता येते. १८९६ मध्ये कायदा होऊन शाळांतून हवाईयन माध्यम गेले. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेस जोडली गेली. अमेरिकेच्या काँग्रेसने या सर्व प्रकाराबद्दल औपचारिक दिलगिरी व्यक्त केली ती १९९३ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी. त्याच वर्षी या परंपरेच्या चर्चसंघटनेनेही हवाईयन लोकांची क्षमा मागितली.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की चर्च आणि इओलानी राजवाडा ही दोन्ही ठिकाणे एकत्र पाहावीत. राजवाडा १८८२ मध्ये कालाकाउआ राजाने पूर्ण केला. हा राजा १८८१ च्या जगप्रवासात कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईस आला होता आणि येथूनच जहाजाने पश्चिमेकडे गेला, हे मुंबईकरांना सहसा ठाऊक नसते. छापखाना आणि शाळा काढणाऱ्यांचे ऋण मान्य करायलाच हवे, पण त्यांच्या मुलानातवंडांनी त्या देशाचे काय केले, हे सांगितल्याशिवाय त्यांचे कौतुक पुरे होत नाही.

---

भायखळा_पूर्व यांचे उत्तर:

इतिहास_दादर यांचे म्हणणे मला मान्य आहे आणि राजवाड्याविषयीची त्यांची सूचना उत्तम आहे. तरी एका मुद्द्यावर मी थोडे वेगळे मांडू इच्छितो.

कावाइआहाओची मंडळी ही मिशनऱ्यांच्या मुलानातवंडांची मंडळी नव्हे. ती हवाईयन लोकांची होती आणि आहे. राणी लिलिउओकलानी स्वतः येथे ऑर्गन वाजवीत असे आणि गायकवृंदाचे नेतृत्व करीत असे. राज्य गेले, शाळांतून भाषा गेली, घरोघरी मुलांना इंग्रजीतूनच बोलण्याचा आग्रह होऊ लागला, त्या सर्व काळात ज्या थोड्या ठिकाणी हवाईयन भाषा दर आठवड्याला मोठ्याने उच्चारली जात राहिली, त्यांत हवाईयन चर्च होती. बायबल त्या भाषेत छापलेले होते, भजने त्या भाषेत होती, आणि म्हाताऱ्या बायका ती पाठ म्हणत होत्या. १९७८ मध्ये हवाईयनला राज्याच्या घटनेने अधिकृत भाषेचे स्थान दिले आणि १९८४ पासून हवाईयन माध्यमाच्या बालवाड्या सुरू झाल्या, तेव्हा जुने छापील साहित्य आणि चर्चमधून टिकलेली गाणी यांचा आधार कामी आला. मिशनऱ्यांच्या वंशजांनी केलेला अन्याय यामुळे पुसला जात नाही, परंतु त्या वास्तूला केवळ मिशनऱ्यांची वास्तू मानणे हाही तिच्यावर अन्याय होईल. पाण्यात बुडी मारून ज्यांनी शिळा कापल्या, त्यांच्या पणतवंडांनीच ती टिकवली आहे.

महाराष्ट्रातील आमच्या मंडळ्यांचेही असेच आहे. अमेरिकेचे मिशनरी केव्हाच परतले. टिळकांची भजने, कीर्तने आणि अभंग मात्र आमचे आहेत, आणि ते आम्ही मराठीतच गातो. म्हणून रविवारीच जावे, असा माझा आग्रह आहे. इतर दिवशी इमारत दिसेल, रविवारी मंडळी भेटेल. हवाईयन भाषेतील भजन सुरू झाल्यावर सासूबाईंना शब्द समजणार नाहीत, पण चारही आवाजांत उभे राहून गाणारी माणसे पाहून त्यांना आपली शाळा नक्की आठवेल.

---

वसईची_लेक यांचे उत्तर:

ताई, मी वसईची कॅथलिक आहे आणि मोलोकाईविषयी आपल्याला थोडे सांगावेसे वाटते, कारण त्या ठिकाणाबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे आणि म्हणूनच तेथे सहलीसारखे जाऊ नये, असे मला वाटते.

हवाईमध्ये १८६५ च्या कायद्याने कुष्ठरोग्यांना सक्तीने वेगळे ठेवणे सुरू झाले आणि १८६६ पासून त्यांना मोलोकाई बेटाच्या उत्तरेकडील कालाउपापा या द्वीपकल्पावर नेऊन सोडू लागले. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला उभा कडा. बेल्जियममध्ये जन्मलेले फादर डेमियन १८७३ मध्ये तेथे गेले, रुग्णांसोबत राहिले, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांची घरे आणि शवपेट्या स्वतःच्या हातांनी बांधल्या, सेंट फिलोमिना चर्च वाढवले, आणि त्याच रोगाने १८८९ मध्ये गेले. २००९ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या अखेरच्या दिवसांत तेथे आलेल्या सिस्टर मॅरिअन कोप यांना २०१२ मध्ये. सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा १९६९ मध्ये संपला, तोपर्यंत सुमारे आठ हजार माणसे तेथे पाठवली गेली होती. मुंबईत वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० मध्ये सुरू झाले. त्या काळात या आजाराची किती भीती होती, हे आपल्या शहरालाही ठाऊक आहे.

कालाउपापाला परवानगीशिवाय जाता येत नाही, १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, आणि भेटींचे नियम वेळोवेळी बदलतात. वरच्या कड्यावर पालाआऊ उद्यानातून द्वीपकल्प खाली दिसते, तेवढे पाहूनही पुष्कळ जण परततात. तरीही त्यासाठी स्वतंत्र बेटावर जावे लागते आणि ७८ वर्षांच्या आजींना हे सर्व झेपेल असे मला वाटत नाही.

त्याऐवजी होनोलुलूतच फोर्ट स्ट्रीटवर ‘अवर लेडी ऑफ पीस’ हे कॅथलिक कॅथेड्रल आहे. त्याचे समर्पण १८४३ चे, म्हणजे कावाइआहाओनंतर अवघ्या वर्षभराचे, आणि त्याच्याही भिंती प्रवाळाच्याच आहेत. फादर डेमियन यांची धर्मगुरूपदाची दीक्षा २१ मे १८६४ रोजी येथे झाली. शहराच्या मध्यभागी असल्यामुळे तेथे गाडीने सहज जाता येते. येथे मेणबत्ती लावण्याची सोय असते, तेव्हा आजींना इच्छा असल्यास एक मेणबत्ती लावून त्या मोलोकाईच्या माणसांसाठी प्रार्थना करू शकतील. त्याला ख्रिस्ती असण्याची अट नाही.

---

मुलुंडवासी यांचा प्रतिसाद:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सर्व उत्तरे सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. कोना आणि मोलोकाई आम्ही या खेपेस सोडून देत आहोत. रविवारी सकाळी कावाइआहाओची उपासना, त्यानंतर लुनालिलो राजाची समाधी पाहून घरी विश्रांती, आणि सोमवारनंतर सोयीच्या एखाद्या दिवशी मिशनची घरे व राजवाडा असे ठरवले आहे. कॅथेड्रल वेगळ्या सकाळी पाहू.

इतिहास_दादर आणि भायखळा_पूर्व यांच्यातील चर्चा ऐकून सासूबाई बराच वेळ बोलत होत्या. त्यांच्या शाळेतही मिशनऱ्यांविषयी शिक्षकांमध्ये असेच मतभेद होत असत, आणि दोन्ही बाजूंचे लोक त्याच शाळेत मनापासून शिकवीत असत, असे त्या म्हणाल्या. त्यांची आता एकच शंका उरली आहे. टिळकांच्या भजनांचे त्यांच्याजवळचे जुने पुस्तक त्या मंडळीला भेट म्हणून द्यावे, असे त्यांच्या मनात आहे. मराठी पुस्तकाचा तेथे कोणाला उपयोग नाही, हे त्यांना कळते. तरी असे देणे तेथे विचित्र वाटेल का?

---

भायखळा_पूर्व यांचे उत्तर:

मुळीच विचित्र वाटणार नाही. हवाईमध्ये पाहुण्याने काही घेऊन येणे हे सौजन्याचे मानले जाते. मात्र उपासनेच्या गर्दीत कोणाच्या हाती ते देऊ नका. आपल्या नणंदेला आधी चर्चच्या कार्यालयाला पत्र लिहायला सांगा. त्यात मुंबईच्या मिशनशी असलेला संबंध दोन वाक्यांत स्पष्ट करावा आणि कोणाला भेटावे हे विचारावे. मिशनच्या घरांच्या संग्रहालयाला जोडून हस्तलिखिते व जुनी छापील पुस्तके जपणारा संग्रहही आहे. चर्चने सुचवल्यास पुस्तक तेथे देणे अधिक योग्य ठरेल, कारण तेथे जुने छापील साहित्य सांभाळण्याची व्यवस्था आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात मराठीतून चार ओळी लिहाव्यात आणि त्यांचा इंग्रजी अर्थ वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवावा. पुस्तक फार जुने आणि घरातील एकमेव प्रत असेल तर मात्र आधी तिची छायाप्रत काढून घ्या.